मोजणीत नसलेला लांगरी

पोस्टिंग आलं तवा मी एकवीस वर्षांचा होतो. वडूजचा पोरगा, रेडिओ ऑपरेटर, आणि बॉर्डरजवळच्या डोंगरातली पोस्ट. पोस्ट म्हणजे काय, तर तारेचं कुंपण, पाच बंकर, एक लंगर म्हणजे सैपाकघर, आणि एक गेट. पोस्टच्या वर तासाभराच्या चढावर आमचा एक मोर्चा, म्हणजे टेहळणीची चौकी. तिथं सहा जण रात्रंदिवस दुर्बिणीला डोळा लावून बसायचे. रोज दुपारी खालून सहा जणांची पार्टी वर जायची आणि वरचे जुने सहा खाली यायचे. जाताना जेवण न्यायचं. वाटेत एक नाला लागायचा. खोल, दोन्ही बाजूला देवदार. पोस्टवरून नाल्याचा काठ दिसायचा, तळ दिसायचा न्हाई. एवढं डोक्यात ठेवा, पुढचं सगळं त्या नाल्यातच झालंय.

आता हे का सांगतोय? मी सध्या कुपवाडला एका कारखान्यात सिक्युरिटी सुपरवायझर हाय. मागच्या आठवड्यात पुण्याच्या एक मॅडम ट्रेनिंग द्यायला आल्या. लय चांगलं बोलल्या. त्यांनी विचारलं, "एखादा माणूस नेमून दिलेलं काम स्वतःच बदलून घेतो, वाढवून घेतो. मग त्याच्या मॅनेजरनं काय करायचं? थांबवायचं, की करू द्यायचं?" सगळे एका सुरात वरडले, "करू द्यायचं!" मी उठून म्हणालो, "मॅडम, तिसरं पण असतंय." तेवढ्यात चहा आला आणि विषय राहिला. तवा ते तिसरं काय ते आता सांगतो. ज्यांनी फौज बघितली न्हाई त्यांच्यासाठी सांगतोय, म्हणून सरळ सांगतो.

बिरा मेटकरी. शिपाई, ट्रेड लांगरी. लांगरी म्हणजे फौजेतला कुक. आटपाडीकडचा, मेंढरं राखणाऱ्या घरातला. बुटका, काळा, हसला की सगळे दात बाहेर. आमची कंपनी म्हणजे अर्धा सातारा आणि अर्धी सांगली, त्यामुळं लंगरमधे दिवसभर गावचीच भाषा. बिऱ्याचा खरडा असा की खाणाऱ्याच्या कानातून वाफ निघायची.

मागच्या पोस्टवर त्याला एका हवालदारानं बांधून टाकलं होतं. "तू लांगरी हायस. पातेल्याच्या भायेर नाक काढायचं न्हाई." बिऱ्यानं काढलं न्हाई. तिथली पोरं सांगायची, त्या पोस्टवर रोज तीच डाळ आणि तीच भाजी. माणूस नुसता हजर होता. म्हणजे हे एक, थांबवणं.

आमच्या पोस्टचे कमांडर सुभेदार डेरे साहेब. वाईचे. उंच, आवाज हळू, मिशी कायम कातरलेली. आम्हां पोरांवर जीव. एका सकाळी ते लंगरमधे चहा घेत होते, मी शेजारी सेटची बॅटरी पुसत बसलो होतो. बिरा म्हणाला,

"सायेब, वर पोरांस्नी रोट्या चामड्यागत लागत्यात."

"मग?"

"मी घिऊन जातो की. घोंगड्यात गुंडाळून. वाफ निगत आस्तिया तवर पोचतो."

"तू लांगरी हायस गड्या. पार्टीचं काम पार्टी करंल."

"आवं सायेब, सैपाक पोटात जाईस्तवर सैपाकच आसतोय की वो."

साहेब हसले. खरंच खदखदून हसले. मग कप ठेवला आणि म्हणाले, "जा. पण मला दिसू नगंस."

ह्ये तिसरं. थांबवणं पण न्हाई आणि करू देणं पण न्हाई. डोळा झाकणं.

साहेबांचं मन साफ होतं, हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगतो. पार्टीच्या हुकुमात लांगरीचं नाव घातलं असतं तर कंपनीकडनं प्रश्न आला असता. लांगरी गेटबाहेर कसा? लंगर कुणाच्या भरोशावर? मग बंद करावं लागलं असतं. म्हणून साहेबांनी नाव घातलं न्हाई. फक्त एवढं सांगितलं की रायफल घेतल्याशिवाय जायचं न्हाई आणि पार्टीच्या मागंच राहायचं.

बिरा पेटला. रोज दुपारी पार्टीच्या शेपटाला. वर गेला की आधी जेवण, मग पोरांचे बूट काढायला लावायचा. मेंढरांचे खूर बघून मोठा झालेला माणूस, त्याला पायाची लय काळजी. कुणाला फोड, कुणाला भेग, सगळं बघून तेल लावून द्यायचा. येताना संपलेल्या बॅटऱ्या खाली आणायचा, त्या मी चार्ज करायचो. कोण गप्प गप्प हाय, कुणाचं घरी भांडण झालंय, ते मला येऊन सांगायचा. मी ते साहेबांच्या कानावर घालायचो. दुसऱ्या दिवशी तो पोरगा खाली आला की साहेब त्याला बोलवायचे आणि घरी फोन लावून द्यायचे. वरचा मोर्चा एकदम बदलून गेला. कंपनी कमांडर मेजर साहेब एकदा पाहणीला आले, वर जाऊन आले आणि म्हणाले, "डेरे साब, मोर्चे का मोराल बढ़िया है. क्या करते हो?"

"जी साब," साहेब म्हणाले. पुढं काही न्हाई.

मी बिऱ्याला म्हणालो, "लेका, साहेबांस्नी सांग की पार्टीत नाव घालायला. काम तू करतुयास आणि शाबासकी हवेत."

"नाव घातलं की बंद पडंल रं. बिननावाचं हाय म्हनून चाललंय."

गेटवरचा संत्री, म्हणजे पहारेकरी, जाणाऱ्याला मोजायचा. नियमच तो. पार्टी निघाली की मोठ्यांदा, "एक, दोन, तीन, चार, पाच, सहा!" आणि मागनं बिरा डोक्यावर गाठोडं घेऊन आला की, "आणि ह्यो अर्धा!" सगळी पोस्ट हसायची. पार्टीचं नावच पडलं, साडेसहा. बिरा जाता जाता म्हणायचा, "आरं अर्ध्यानं न्हेल्यालं पुरं पुरं खाता की रं भाड्यांनो!"

त्या दिवशी पण असंच झालं. ऊन होतं. सावलीत बर्फाचे तुकडे राहिलेले. पार्टी कमांडर हवालदार माने, मिरजेचे, आदल्याच दिवशी रजेवरून आलेले. गेटवर "सहा!" झालं, "आणि अर्धा!" झालं, हसणं झालं. मी बंकरात सेटवर बसलो. साहेब शेजारी नकाशा घेऊन.

पार्टी नाल्यात उतरली आणि ब्रस्ट आला, म्हणजे गोळ्यांची सलग फैर. लांब, एका दमात. मग दुसरीकडनं दुसरा. डोंगरात आवाज फिरतो, त्यामुळं आधी कळत न्हाई कुठनं आला. लगेच सेटवर माने. टायगर म्हणजे आमची पोस्ट.

"टायगर, टायगर! कॉन्टॅक्ट! नाले के मोड़ पे कॉन्टॅक्ट! ऊपर से फायर! ओव्हर!"

"कितने? ओव्हर."

"तीन, शायद चार! दो घायल! पीछे आ रहे हैं! ओव्हर!"

साहेबांनी मशीनगनला काठावर फायर उघडायला सांगितलं. आमची गन बोलायला लागली. देवदाराच्या फांद्या तुटून पडताना दिसत होत्या. माने आणि पोरं फायर करत, जखमींना ओढत नाल्यातून अलीकडं आले आणि मोठ्या दगडामागं पडले. एकाच्या मांडीतून रक्ताची चिळकांडी उडत होती, त्याच्यावर माने स्वतः गुडघा दाबून बसले होते. त्याच अवस्थेत त्यांनी मोजलं. ड्रिलच ती. फायरमधून बाहेर आलं की आधी मोजायचं.

"टायगर, पार्टी पूरी. छह के छह. नाला खाली है. ओव्हर."

मानेंना मी कधीच दोष दिला न्हाई. त्यांना सहा जण दिले होते, त्यांनी सहा आणले. बिरा कवा मागं असायचा, कवा वाटेत बूट बांधत बसायचा, कवा झऱ्यावर पाणी भरत थांबायचा. तो कुठं असतो हे सांगायची जबाबदारी कुणाचीच न्हवती.

नाल्यात आपलं कुणी न्हाई म्हटल्यावर पुढचं सरळ होतं. आमच्याकडं प्लाटूनची छोटी मोर्टार होती. साहेब बंकराच्या तोंडातनं वरडले, "मोर्टार! नाल्याचा मोड! फायर!"

पहिला बॉम्ब गेला. पोकळ आवाज येतो, टुक करून, मग वाट बघायची. तो पलीकडच्या काठावर फुटला. माती वर उडाली.

आणि तवा मला ऐकू आलं. नाल्याच्या तळातून एक गोळी. मग थोडं थांबून आणखी एक. ब्रस्ट न्हाई. एकेक. जपून. आणि ती आमच्या रायफलीची होती.

"साहेब," मी म्हणालो, "बिरा खाली हाय."

साहेबांनी माझ्याकडं बघितलं. त्यांचा चेहरा मला आजही दिसतो, पण मी त्याचं वर्णन करणार न्हाई. ते बंकरातून उघड्यावर पळाले. "स्टॉप! मोर्टार स्टॉप!" दुसरा बॉम्ब नळीच्या तोंडाशी होता. पोरानं तो दोन्ही हातांनी धरून पोटाशी घेतला.

साहेबांनी आत येऊन माझ्या हातातनं माईक घेतला.

"टायगर वन, मेरा एक आदमी नाले में है. ओव्हर."

मेजर साहेबांचा आवाज. "पार्टी तो पूरी बोली? ओव्हर."

"पार्टी में नहीं था साब. लांगरी है. ओव्हर."

"लांगरी वहाँ क्या कर रहा है?"

"मेरी मर्ज़ी से गया है. ओव्हर."

सेट नुसता खरखरला. मग, "निकालो उसको. बाकी बाद में. आउट."

मोर्टार बंद ठेवायची म्हणजे आमचा एक हातच गेला. आता पायी उतरायचं होतं, वर बसलेल्यांच्या डोळ्यांसमोर. साहेब, मी सेट पाठीवर घेऊन, आणि आणखी चौघं. दगडामागून मानेंनी कव्हर दिलं. आमी वाकून पळालो, पडलो, पुन्हा पळालो. माझ्या पुढच्या दगडाचे टवके उडून गालात घुसले. आमच्यातला एकजण नाल्याच्या तोंडाशी खाली बसला, मला वाटलं पोझिशन घेतली, तर त्याच्या खांद्याचं मांस कपड्यासकट फाटून लोंबत होतं. तो तिथंच राहिला आणि डाव्या हातानं फायर करत राहिला.

नाल्यात उतरलो. देवदाराच्या बुंध्यामागून एक घुसखोर उठला. एवढा जवळ की त्याच्या दाढीतला पाला दिसला. त्याची मॅगझिन संपली होती, तो बदलत होता. मी छातीत तीन गोळ्या घातल्या. तो बसल्यासारखा खाली गेला, आणि बसल्यावर पण त्याचे हात मॅगझिनच शोधत होते. मग थांबले. मला त्याचं वाईट वाटलं न्हाई आणि चांगलं पण वाटलं न्हाई. पुढं सरकलो.

साहेबांनी वरच्या खडकावर ग्रेनेड टाकला, पाठोपाठ दुसरा. वरनं एक किंकाळी आली आणि एक माणूस गडगडत खाली आला, पोट उघडं पडलेलं. तिसरा पळताना मानेंच्या टप्प्यात सापडला. पण पळता पळता त्यानं एक ब्रस्ट मागं सोडला. माझा डावा गुडघा गेला. दुखलं न्हाई. पाय आपला न्हाईच असं वाटलं, आणि मी पाण्यात बसलो.

बिरा तिथनं जवळच होता. खडकाच्या कपारीत, अंग चोरून. गोळी पोटात लागली होती. एका हातानं पोट धरलं होतं आणि दुसऱ्या हातात रायफल, दगडावर टेकवलेली. मॅगझिनमधे दोन गोळ्या राहिल्या होत्या. शेजारी गाठोडं, नीट ठेवलेलं, कलंडलं पण न्हवतं. हा माणूस पोटात गोळी घेऊन जेवण सरळ ठेवून कपारीत शिरला होता. तेवढा वेळ त्यानं घुसखोरांना खाली उतरू दिलं न्हाई, म्हणून जखमींना घेऊन माने मागं जाऊ शकले.

साहेब त्याच्यापाशी गुडघ्यावर बसले. बिऱ्यानं बघितलं. दात दिसले.

"सायेब. आज दिसलो व्हय तुमास्नी."

"दिसलास. गप बोलू नको."

"जेवान गार झालं आसंल."

"गप रं."

घोंगडं सोडलं, डबे बाजूला काढले आणि त्यालाच घोंगड्यात घेऊन आमच्या तिघांनी आणि मानेंच्या एका पोरानं उचललं. मला मानेंच्या पोरांनी पाठीवर घेतलं. साहेब बिऱ्याच्या बाजूनं चालत होते आणि त्याच्या पोटावर दोन्ही हात दाबून धरले होते. चढाच्या मध्यावर बिरा म्हणाला, "गुदगुल्या हुत्यात सायेब." त्यानंतर बोलला न्हाई. गेट आलं. संत्री सगळ्यांना मोजतो, आत येताना पण. त्यानं तोंड उघडलं आणि मिटलं. हेलिकॉप्टर आलं तवा बिरा गेलेला होता. त्याच्याच शेजारी झोपवून मला नेलं.

चौकशी बसली. माझी जबानी दवाखान्यात झाली, पण साहेबांचं मला मानेंनी सांगितलं. एक ओळखीचा जेसीओ, साहेबांच्याच रांगेतला अधिकारी, आदल्या दिवशी साहेबांना म्हणाला होता, "सांगून टाका की आपल्या मनानं गेला. लांगरीच तो. मेलेला काय बोलणार हाय?"

साहेब म्हणाले, "त्यो न्हाई बोलत. मी बोलतो."

चौकशीत एकच मोठा प्रश्न होता. किसके हुकुम से गया?

"मेरे हुकुम से."

"लिखित?"

"नहीं. वह मेरी गलती है. हुकुम मेरा था."

म्हणून बिऱ्याच्या नावापुढं हुकुमाशिवाय बाहेर गेला असं लागलं न्हाई. ड्यूटीवर गेला असं लागलं. साहेबांची सुभेदार मेजरची बढती थांबली ती थांबलीच. आणि मेजर साहेबांनी कंपनीत नवा हुकूम काढला. ज्याला जे काम वाढवून घ्यायचं असेल त्यानं येऊन सांगावं. पटलं तर नावासकट हुकुमात येईल, न्हाई पटलं तर बंद होईल. मधलं काही चालणार न्हाई. पुढं पार्टी सात जणांची झाली, लांगरी धरून.

माझा गुडघा काही सरळ झाला न्हाई. मेडिकल बोर्डानं घरी पाठवलं. आता कुपवाडला गेटवर असतो.

आमच्या कारखान्यात बंडू नावाचा पॅकिंगचा माणूस हाय. प्रेसमधे पत्रा अडकला की ह्यो पळत जातो आणि हात घालून काढतो. कुणी सांगितलेलं न्हाई, आपल्या हौसेनं शिकला. मशीन थांबत न्हाई, सगळे खूश. ट्रेनिंगच्या दुसऱ्या दिवशी मी मॅनेजर साहेबांकडं गेलो.

"सर, बंडूचं नाव प्रेसवर न्हाई."

"अरे करतोय तर करू दे. मला सांगू नका फक्त."

माझं डोकं सणकलं. आवाज चढला, मान्य करतो. "सर, थांबवा न्हाईतर नाव लावा. रीतसर शिकवा, हातमोजे द्या, प्रेस बंद केल्याशिवाय हात घालायचा न्हाई म्हणून सांगा. पण मला माहीत न्हाई असं तेवढं म्हणू नका. उद्या आत आग लागली तर मी पॅकिंगची माणसं पॅकिंगमधे मोजणार. बंडू प्रेसमागं असणार."

 आज बंडूला प्रेसच्या माणसानं दिवसभर शेजारी उभं करून शिकवलं, एवढं मला दिसलं.

बिऱ्याच्या घरी मी काठी टेकत गेलो होतो, डेरे साहेबांबरोबर. साहेब तवा रिटायर झाले होते. वाईहून स्वतः गाडी घेऊन आले आणि मला वडूजला घेतलं. आटपाडीच्या पुढं माळावर घर. बिऱ्याचा बाप मेंढरं वाड्यात घालत होता. सांजेची वेळ. साहेब उभेच राहिले. म्हणाले,

"बाबा, कागदावर लिवलंय ते वेगळं हाय. तुमच्या पोराला मी पाठवलं न्हवतं. जाऊ दिलं हुतं. त्याचं नाव पार्टीत घातलं न्हाई, म्हणून मोजताना कुणाच्या ध्यानात आला न्हाई. चूक माझी हाय. ते सांगायला आलोय."

म्हाताऱ्यानं शेवटचं मेंढरू आत सारलं, झाप लावली.

"आमी रोज मेंढरं मोजतो सायेब," तो म्हणाला. "कुत्रं कवा मोजत न्हाई. ते हायच म्हनून."

  त्यानं झापेची दोरी आवळली. मग म्हाताऱ्यानं विचारलं,

"त्ये जेवान घिऊन चालला हुता म्हनं. पोचलं का त्ये वर?"

मला वाटलं साहेब गप्प राहतील. त्या दिवशी डबे नाल्यातच राहिले होते, हे मला माहीत होतं. पण साहेब म्हणाले,

"त्या दिवशी न्हाई पोचलं. दुसऱ्या दिवसापासनं मी न्हेत हुतो. नवा लांगरी येईस्तवर. गेटवर माझं नाव सांगून."

मी तवा दवाखान्यात होतो. हे मला त्या माळावर पहिल्यांदा कळलं.

"गरम?" म्हाताऱ्यानं विचारलं.

"गरम," साहेब म्हणाले.